ओळखा पाहू, हा पाय कुणाचा

रविवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धंच वर गेलं, तेही आत्यासाठी. आत्याच्या गुडघ्यांना वाकणं जमत नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण पूर्ण उघडलं असतं तर आणखी कोणीतरी आपला कागद मागायला आत आलं असतं, आणि त्याला तोंड द्यायची हिंमत त्या दिवशी कोणातच उरली नव्हती. आत्या कशीबशी वाकून आत आली, कंबरेला हात लावून सरळ झाली आणि म्हणाली, "माझ्या बापाच्या दुकानात मला चोरासारखं शिरायला लावलंत. बरं. किती झाले?"

"सतरा," दादा म्हणाला. "सतरा गिऱ्हाइकं आपापले कागद घेऊन गेली."

आत्या माप देणाऱ्या गिऱ्हाइकाच्या बुटक्या स्टुलावर बसली. कागदांची पद्धत तिच्या वडिलांनी घालून दिलेली. गिऱ्हाईक बूट शिवायला आलं की त्याचं पाऊल जाड कागदावर ठेवायचं, पेन्सिल उभी धरून कडेकडेनं फिरवायची, आणि ते मोजे चढवत असताना पाठ फिरवून कागदाच्या तळाशी एक शेरा लिहायचा. कागदावर नाव कधीच नाही, फक्त नंबर. नाव वहीत आणि वही कुलपात. शेरा असायचा शिवणाऱ्यासाठी. 'उजव्या खांद्यावर पिशवी, त्याच बाजूला झुकतो.' 'घट्ट झाले तरी सांगणार नाही, सैल द्यावेत.' तो गिऱ्हाइकाला दाखवायचा नाही आणि दुकानाबाहेर त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. आजोबांनंतर बाबांनी तेच केलं, आणि बाबा गेल्यावर दोन वर्षं दादा तेच करत होता, फक्त जरा गिचमिड अक्षरात.

"मला त्या फोनवरच्या भानगडी कळत नाहीत," आत्या म्हणाली. "धाकटे, तू सांग. पहिल्यापासून सांग, आणि इंग्रजी फाडू नकोस."

धाकटी, दादाची बहीण, खिडकीपाशी उभी होती. कालपासून तिच्या पोटात अन्न गेलं नव्हतं. दुकानाचं पेज तिनं अकरा महिन्यांपूर्वी सुरू केलं होतं, बाबांच्या माघारी ऑर्डरी आटत चालल्या तेव्हा. दादाचे हात चालत होते, पण ते बघायला येणार कोण? मग तिनं त्या हातांचे छोटे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. चामडं कापताना, टाच ठोकताना, जुना बूट उसवून नवा करताना. प्रत्येक कमेंटला ती स्वतः उत्तर द्यायची, रात्री अंथरुणात नव्हे, सकाळी कामाच्या टेबलावर बसून, कामासारखं. कोणाच्या बुटाला वर्ष झालं की त्याला निरोप जायचा, बूट घेऊन या, आम्ही बघून देतो, पैसे नकोत. लोक यायचे, बसायचे, आणखी कोणाला तरी घेऊन यायचे. वर्ष व्हायच्या आत दादाला रविवारीही काम करावं लागत होतं, आणि कुरकुर करत का होईना तो खुशीत होता.

"मग दर शुक्रवारी मी एक खेळ सुरू केला," धाकटी म्हणाली. "जुना कागद टाकायचा आणि विचारायचं, ओळखा पाहू, हा पाय कुणाचा. म्हणजे नाव नाही, धंदा ओळखायचा. पहिला पोस्टमन होता, सायकलवाला. मग एक स्वयंपाकी. लोकांना फार आवडलं, आत्या. आणि कागदावर नाव नसतं, म्हणून मला वाटलं..."

"नाव नसतं," आत्या म्हणाली. "पाय असतो की."

धाकटीनं मान खाली घातली. तिसऱ्या शुक्रवारचा कागद बाबांच्या अक्षरातला होता. 'नाचते. डाव्या टाचेखाली आतून पाऊण बोट जाडी. बाहेरून कळता कामा नये.' तिला ते वाक्य इतकं सुंदर वाटलं होतं की वाचताना डोळे भरून आले होते. गावात नृत्याचा क्लास एकच आणि तिथल्या बाई बूट इथूनच शिवतात, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. लोकांच्या डोक्यात यायला चाळीस मिनिटं लागली.

"आणि सगळ्यात जास्त लाइक त्यालाच," काउंटरमागून वहिनी म्हणाली. वहिनी म्हणजे दादाची बायको. तिच्या बोलण्यात टोमणा होता की नुसतं आश्चर्य, तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"मी तासाभरात काढून टाकलं," धाकटी म्हणाली.

"तोवर गावभर झालं होतं," दादा म्हणाला. त्यानं हातातली रापी, चामडं कापायची सुरी, टेबलावर ठेवली. "आत्या, ऐक. मी काही हिच्यावर डूख धरून बसलेलो नाही. पण माणसं इथं बूट घ्यायला येत नाहीत, पाय झाकायला येतात. कोणाचं बोट वाकडं, कोणाची टाच फुटलेली. आता प्रत्येकाला वाटतंय, पुढचा शुक्रवार माझा. ती तयार बुटांची कंपनी पुढची जागा मागतेच आहे. पेज बंद करू, पुढं त्यांना बसू दे, मी मागं दुरुस्त्या करीन. अर्धी जागा तुझी आहे, तुझी सही लागेल. उद्या त्यांना कळवायचंय."

"आणि हे?" आत्यानं भिंतीकडं बोट दाखवलं. जमिनीपासून छतापर्यंत लाकडी फर्मे लावलेले होते. एकेका गिऱ्हाइकाच्या पावलाचा एकेक ठोकळा, त्यावरच बूट शिवला जातो.

"ते ठेवायला जागा नाही," दादा म्हणाला आणि दुसरीकडं बघू लागला.

धाकटीला ओरडावंसं वाटलं. दुकान गेलं तर ते तिच्यामुळे गेलं असं होणार होतं, आयुष्यभर, प्रत्येक जेवणाच्या वेळी. पण त्याहून वाईट म्हणजे दादा चूक बोलत नव्हता.

आत्या घरून सही करायचं ठरवूनच आली होती. जावयानं सकाळी तिच्या पर्समध्ये पेनसुद्धा घालून दिलं होतं. तिनं पर्स मांडीवर घेतली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "त्या बाईंकडं कोण गेलं होतं?"

दादानं रापी पुन्हा उचलली.

"धाकटे?"

"मी मेसेज केला होता. दोन वेळा. मोठा केला होता."

"मेसेज," आत्या म्हणाली. एवढा एकच शब्द, पण धाकटीच्या कानशिलांना चटका बसला. "एका बाईचा पाय तू चव्हाट्यावर मांडलास, आणि ती चार गल्ल्या पलीकडे राहत असताना तिला मेसेज केलास. आणि तू रे? तू दुकानाचा मालक ना? तू?"

"मी काय बोलणार होतो, आत्या?"

"म्हणजे कंपनीला भेटायला वेळ आहे." आत्यानं पर्सची चेन ओढून बंद केली. "माझी सही संध्याकाळी. तिचा कागद घे आणि जा, धाकटे. फोन इथंच ठेव."

वहिनीनं न सांगताच ड्रॉवर उघडून कागद शोधून दिला. शटरपर्यंत ती धाकटीबरोबर आली आणि हळूच म्हणाली, "सबबी सांगत बसू नकोस हं. मला तुझं माहितीये."

क्लास एका बेकरीच्या वर होता. वर्ग नुकताच सुटला होता आणि बाई आरशासमोरच्या बाकावर बसून बूट सोडत होत्या. वय साठीच्या आसपास, पाठ ताठ. धाकटीला बघून त्या थांबल्या नाहीत, नाडी सोडत राहिल्या.

"मी माफी मागायला आलेय," धाकटी म्हणाली.

"माग."

असं कोणी म्हणेल याची धाकटीला कल्पना नव्हती. वाटेत जुळवलेली तिन्ही वाक्यं एकदम तोंडात आली. "बाई, माझं फार चुकलं. मला खरंच वाटलं नव्हतं, म्हणजे कागदावर नाव नव्हतं आणि बाबांचं ते वाक्य इतकं..."

"चुकलं इथपर्यंत माफी होती," बाई म्हणाल्या. "पुढचं माझ्या कामाचं नाही."

खालून पाव भाजल्याचा वास येत होता आणि बेकरीवाला कोणाशी तरी मोठ्यानं हसत होता.

"तुला वाटत असेल मला लाज वाटते," बाई म्हणाल्या. "आखूड पायाची लाज सोळाव्या वर्षी वाटायची. आता राग येतो. परवा वर्गात नऊ मुली होत्या. मी हात वर नेला आणि म्हटलं, हाताकडे बघा. एकीनंही बघितलं नाही. सगळ्यांच्या नजरा खाली. पंचवीस वर्षं लोक माझे हात बघत होते, पोरी. त्यासाठी तुझ्या बाबांनी आणि मी किती वेळा तो बूट उसवला आणि परत शिवला, तुला ठाऊक नाही. पाय दाखवलास ते एक वेळ ठीक. तू त्याचं कोडं केलंस. लोकांनी बक्षीस मिळाल्यासारखं माझं नाव लिहिलं."

धाकटी रडली नाही. रडली असती तर बाईंनाच तिला समजवावं लागलं असतं, एवढं तिला कळत होतं. तिनं कागद पुढं केला. बाईंनी तो घेतला, वाचला, आणि बाबांच्या अक्षरावरून अंगठा फिरवला.

"हा मी ठेवते. माझं माप यापुढं तुमच्याकडं नको."

"बरं," धाकटी म्हणाली. दारापाशी जाऊन ती परत वळली. "बाई, मी पेज बंद करणार नाहीये. घरचे म्हणतायत बंद कर. पण सगळं झाकून पळून गेले तर जे सांगायचं ते कोण सांगणार? मी तिथंच चुकले, तिथंच सांगेन. तुम्हाला हे आधी कळावं म्हणून सांगतेय."

बाई पुन्हा नाडीकडं वळल्या. धाकटीला जिना उतरताना आपण असं कसं बोललो याचं नवल वाटलं.

ती परतली तेव्हा आत्या, दादा, वहिनी, आई, चौघं तशीच बसलेली होती. तिनं एकही शब्द न गाळता सगळं सांगितलं. दादा ऐकत होता आणि त्याचा चेहरा उतरत होता. बाईंचे बूट बाबांनंतर त्यानं शिवले होते, तीन जोड. ती पाऊण बोट जाडी आतून बेमालूम बसवायला त्याला पहिल्यांदा अकरा दिवस लागले होते, आणि बाई घालून चालल्या तेव्हा त्याला पहिल्यांदा वाटलं होतं की आपण बाबांचा मुलगा म्हणून शोभतो. हे तो कोणालाच बोलला नव्हता.

"झालं तर मग," तो म्हणाला. "त्याच गेल्या म्हणजे संपलं. मी उद्या कंपनीला हो म्हणतो."

"थांब," आई म्हणाली.

आई सकाळपासून शिलाईच्या मशीनमागं बसून होती. बुटाची वरची बाजू चाळीस वर्षं तीच शिवत आलेली, आणि घरातले निर्णय चाळीस वर्षं इतरांनी घेतलेले. ती उठली, कपाटाच्या सगळ्यात खालच्या ड्रॉवरपाशी मांडी घालून बसली आणि चार कागद काढून टेबलावर ठेवले.

"हे आपले," ती म्हणाली. "घरच्यांचे. तुझ्या बाबांनी आणि आजोबांनी काढलेले. दुसऱ्यांचे दाखवलेत ना? आता हे दाखवा."

आत्यानं चष्मा लावला. पहिला कागद तिचाच निघाला, तिच्या वडिलांच्या तिरप्या अक्षरातला. तिनं वाचला आणि कागद उलटा करून ठेवला. मग वहिनीनं तो सरळ केला आणि मोठ्यानं वाचला. "'पाय मोठा. मोठा म्हणू नये, चिडते. छोटा दिसेल असा शिवावा.'"

क्षणभर कोणी हसायची हिंमत केली नाही. मग आत्याच हसली, खोकला येईपर्यंत हसली. "मेला म्हातारा. सतराव्या वर्षी मला म्हणाला होता, नवी फॅशन आहे, टोक आखूड असतं. आणि मी मैत्रिणींना तेच सांगत फिरले."

दादानं आपला कागद उचलला. नऊ वर्षांच्या पोराचं पाऊल. खाली बाबांचं अक्षर. 'तळवा सपाट. बूट आवडले नाहीत तरी आवडले म्हणेल.' वहिनीनं त्याच्या खांद्यावरून वाकून वाचलं आणि म्हणाली, "तुम्हाला ती कंपनी आवडलीय?"

"नाही," दादा म्हणाला.

"मग कशाला म्हणताय हो?"

त्यानं कागद टेबलावर ठेवून दिला. आईच्या कागदावर लिहिलं होतं, 'दिवसभर उभी. दुखतं म्हणणार नाही. दुखतं असं धरून चालावं.' तो मात्र कोणी मोठ्यानं वाचला नाही. एकेकानं घेतला आणि परत ठेवला. आई मशीनवरचे दोऱ्याचे तुकडे गोळा करत राहिली, आणि तिला आतून फार बरं वाटत होतं.

पोस्ट लिहायला दुपार गेली. धाकटी लिहायची आणि बाकीचे मोडता घालायचे.

"'जर कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर...'" धाकटीनं वाचून दाखवलं.

"जर?" आत्या म्हणाली. "काय जर? दुखावल्यात. खोड ते."

"'आमच्याकडून अनवधानानं...'"

"आमच्याकडून नाही, तुझ्याकडून," दादा म्हणाला, आणि मग जरा थांबून, "नाही, राहू दे आमच्याकडून. मी पण लाइक केलं होतं."

शेवटी जे उरलं ते चार ओळींचं होतं. गिऱ्हाइकाचा कागद न विचारता दाखवला, त्याचा खेळ केला, ते वाईट होतं. यापुढं कोणाचाही कागद इथं येणार नाही. ज्याला आपला हवा त्यानं यावं, शटर पूर्ण उघडं असेल. आणि हे आमचे पाय, शेऱ्यांसकट. नावं घालायची की नाही यावर आत्या म्हणाली, खाली लिही, आत्या, आई, दादा, धाकटी, गावात कोणाला ओळखायचं राहणार नाही.

धाकटीचा कागद चौथा होता. 'पाच वर्षांची. सारखी धावते. पुढं बघत नाही. टोक मजबूत करावं.' तो तिनं सगळ्यात वर लावला.

"आठ दिवस," दादा म्हणाला. "कंपनीच्या माणसाला आठ दिवस थांबवतो. त्यापुढं मला जमणार नाही." आत्यानं पर्समधलं पेन काढून आईला देऊन टाकलं, मशीनवर ठेवायला, असू दे म्हणून.

पहिल्या दोन दिवसांत आणखी पाच जण कागद घेऊन गेले, आणि धाकटीनं प्रत्येकाला स्वतः उठून काढून दिला. चांगलं सुनावणारे भेटले. एकानं लिहिलं की आता पायांची प्रदर्शनं भरवा. तिनं कोणाचीही कमेंट पुसली नाही, प्रत्येकाला उत्तर दिलं, तेच, चुकलं. तिसऱ्या दिवशी बेकरीवाल्यानं स्वतःच्या पावलाचा फोटो टाकला, पिठानं माखलेल्या, आणि खाली स्वतःच शेरा लिहिला, 'सोळा तास उभा, बायको म्हणते भट्टीशी लग्न केलंय.' मग एका नर्सनं टाकला. मग लोक टाकतच गेले, आपले पाय आपण, आपल्याला हवं तेवढं सांगून. गेलेल्यांपैकी चौघं कागद परत घेऊन आले. त्यातल्या एकानं तर घडी पडली म्हणून दिलगिरी व्यक्त केली, आणि वहिनीनं तो इस्त्री करून ठेवला. दुकानात पुन्हा वर्दळ झाली. धाकटी मात्र फोन उघडला की एकच नाव शोधायची आणि ते नसायचं. बाकी सगळे परत आले आणि बाई नाही आल्या, तर मला हे दुकान वाचवून काय मिळालं, असं तिनं वहिनीला एकदा स्पष्टच विचारलं.

आठव्या दिवशी सकाळी दादा कंपनीच्या माणसाशी फोनवर बोलत होता. काउंटरपाशी तिघं गिऱ्हाइकं होती, आणि आत्या उगाचच येऊन बसली होती. तेवढ्यात बाई आत आल्या. त्या सरळ स्टुलापाशी गेल्या, बसल्या, आणि समोरच्या आत्याकडं बघून म्हणाल्या, "तुमचा कागद बघितला. पाय खरंच मोठा आहे."

"आता छोटा शिवणारं कोणी राहिलं नाही," आत्या म्हणाली.

बाईंनी डावा बूट काढला, मग मोजा. तिघं गिऱ्हाइकं भिंतीकडं बघू लागली. "बघा की," बाई म्हणाल्या. "बघायचंच तर आज बघून घ्या, म्हणजे माझ्या वर्गाच्या कार्यक्रमाला आलात की हात बघाल."

दादानं फोन कानापासून खाली घेतला होता. पलीकडून आवाज येत राहिला, हॅलो, हॅलो. दादानं तो एकदाच वर नेला, "नाही जमणार, साहेब," एवढं म्हणाला आणि कागद घेऊन पुढं आला.

"तू शीव," बाई त्याला म्हणाल्या. "तुझ्यासारखा बसवणारा दुसरा नाही, मी दोन ठिकाणी विचारून आले. पण माप ही घेईल."

धाकटीनं कधी माप घेतलं नव्हतं. ती जमिनीवर बसली, कागद पसरला, बाईंचं पाऊल दोन्ही हातांनी धरून त्यावर ठेवलं. पेन्सिल फिरवताना टाचेपाशी रेघ जरा वाकडी आली. दादानं काही सुधारलं नाही.

"पाऊण बोट पुरायचं नाही आता," बाई म्हणाल्या. "एक बोट घाल. वय झालं."

धाकटीनं लिहून घेतलं. मग दुकानाच्या पद्धतीप्रमाणे पाठ फिरवायची वेळ आली आणि ती फिरली नाही. तिनं कागद बाईंच्या बाजूला वळवला.

"शेरा काय लिहू?"

बाईंनी मोजा चढवला, बूट घातला, नाडी बांधली. उभ्या राहून एकदा पाय आपटून बघितला.

"लिही," त्या म्हणाल्या, "आधी विचारणे."